दातांच्या खुणा

बस. तो स्टूल ओढ. जपून, पिशवीत रीड आहेत.
आकडे लिहून आणलेला कागद खिशातच ठेव.
टोकाची फट किती, आतला उतार किती,
ते मोजायला माझ्याकडे पोलादी पात्या आहेत, केसाहून पातळ.
आवाज मोजणारी पाती अजून कुणी काढलेली नाही.

क्लीव्हलंडच्या ह्या तळघरात
चाळीस वर्षं मी काळं रबर घासतोय.
नखांत गेलेली पूड आता साबणालाही दाद देत नाही.
वरून ट्रक गेला की टेबलावरची काच हलते,
मी हात थांबवतो.
एक घासा जास्त पडला तर माणसाचा गळा बदलतो,
असं मी तेव्हा मानायचो.

तुला कॉर्नेल प्रुइटसारखा आवाज हवाय.
विशीत सगळ्यांनाच हवा असतो.
त्याचा माउथपीस धातूचा, आत उंच पायरी,
हवा अरुंद बोळातून पळत सुटायची.
जानेवारीत दार उघडावं
आणि सरोवरावरचा वारा कानशिलात बसावा,
तसा पहिला सूर.
पुढच्या टेबलावरचे ग्लास आधी शहारायचे, मग माणसं.

आणि लूशस मॅडॉक्स.
त्याचा रबरी, आतून ऐसपैस.
सूर लागण्याआधी नुसती हवा ऐकू यायची,
बोलावं की न बोलावं, कुणी ठरवत असल्यासारखी.
मग अगदी खालचा सूर घोंगडीसारखा अंगावर पडायचा.
त्याला कडा नव्हती.
नुसती ऊब, आणि उबेच्या आत थोडी राख.

लोक भांडायचे. न्हाव्याच्या दुकानात,
चर्चच्या पायऱ्यांवर, एकदा तर मयतीच्या जेवणात:
धातू की रबर?
जणू वडिलांचं घर कुणाला जाणार, ते त्यावर ठरणार होतं.

मग चौसष्टचा फेब्रुवारी.
बाहेर गुडघाभर बर्फ, आत गिऱ्हाईकं अकरा,
त्यातलं एक झोपलेलं.
वैतागून म्हण, गंमत म्हणून म्हण,
दोघांनी माउथपीस बदलले.
रुमालाने पुसलेसुद्धा नाहीत.

मी बारपाशी उभा. म्हटलं, आता कळेल.
कॉर्नेलने रबर तोंडात धरलं
आणि तीच सुरी. म्यान तेवढं वेगळं.
लूशसने धातूत फुंकलं.
तिसऱ्या सुराला तो धातू
लोण्याच्या वाटेला लागला होता.
झोपलेला माणूस डोळे न उघडता म्हणाला,
"लूशस, आज उशीर केलास."

रात्रभर मला झोप नाही. माझा धंदाच खोटा?
सकाळी दोघंही दारात.
कॉर्नेल म्हणाला, छाती फुटायची वेळ आली होती रे.
लूशसचा खालचा ओठ आतून सोललेला.
ऐकणाऱ्याला कळलं नव्हतं काही,
वाजवणाऱ्याला सगळं कळलं होतं.
तेव्हापासून मी आवाज घडवत नाही, पोरा.
माणूस आपल्या आवाजाकडे चालतच असतो,
मी त्याच्या बुटातला खडा काढतो.

हा बघ. लूशसचा. अर्नेस्टीनने दिला,
दफनानंतरच्या मंगळवारी, मोज्यात गुंडाळून.
वर दोन खळगे दिसतात? दातांच्या खुणा.
डावा खोल, उजवा दात अर्धा तुटका होता त्याचा.
त्या बुजवून पॉलिश करून मागणारे येऊन गेले.
मी मोजा परत गुंडाळला.

एक सांगू? बाहेर बोलू नकोस.
वरचे सूर मला आता ऐकू येत नाहीत.
कॉर्नेलची रेकॉर्ड लावतो, तर त्याची ती धार
काचेमागे ओरडणाऱ्या माणसासारखी, नुसतं तोंड हलतं.
लूशसची राख मात्र अजून येते.
ह्यावरून कोण मोठा, ते ठरवू नकोस.
ह्यावरून फक्त मी म्हातारा.

नाही, विकायचा नाही.
पण धर तोंडात. धर म्हणतो ना.
खळग्यांत दात बसत नाहीत ना तुझे?
कसे बसतील?
थोडा पुढे सरकव. अजून. तुझी जागा शोध.
हां.
आता फुंक, आणि ह्या बाजूला ये,
डावा कान पार गेलाय.